झेलमने जम्मू: आईला स्लीपरच हवंय

कंदीपेढा
नमस्कार मंडळी,
बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीनंतर आईला घेऊन जम्मूला जायचं चाललंय. आई ७१ वर्षांची. गुडघे कुरकुरतात, पण तशी हिंडतीफिरती आहे. मी ४४. विमानाचा विषय दोनदा काढून पाहिला. दोन्ही वेळा ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून भांड्यांचे आवाज आले. तिला पुण्याहून झेलम एक्सप्रेसनेच जायचंय.

कारण बाबा. ते फौजेत होते. आमचं गाव साताऱ्याजवळ, घरटी एक माणूस सैन्यात असायचा. रजा संपली की आई त्यांना सोडायला एसटीने पुणे स्टेशनपर्यंत यायची. सतरा वर्षं तिने ती गाडी फलाटावरून सुटताना पाहिली, आत एकदाही बसली नाही. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आता म्हणते, एकदा बघू तरी, हा माणूस जायचा कुठून कुठून.

इथपर्यंत ठीक. पण तिला स्लीपरच हवंय. "एसीची काच उघडत नाही. मग टीव्ही काय वाईट?" हे तिचं म्हणणं. भाऊ म्हणतो, या वयात स्लीपरमध्ये दोन रात्री म्हणजे आजारपण विकत घेणं. मी स्वतः गेल्या पंधरा वर्षांत रात्रीच्या रेल्वेत पाय ठेवलेला नाही, त्यामुळे मला दोघांचंही पटतं.

तर स्लीपर की थ्री एसी? खालचा बर्थ मिळायला काय करावं लागतं? आणि दोन दिवस खायचं काय?

अप्परबर्थ
थ्री एसी. विषय संपला.

खिडकीतला
स्लीपर. विषय आत्ता कुठे सुरू झाला.

अप्परबर्थ
@खिडकीतला, तुमचं नावच पक्षपाती आहे. हलकेच घ्या.

आता गंभीरपणे. एका मे महिन्यात उत्तरेकडच्या एका गाडीला स्लीपरमध्ये होतो, गाडीचं नाव सांगत नाही. रात्री अकराला माझ्या बर्थवर चौघं बसलेले आणि पाचवा उभ्या उभ्या माझ्या नडगीवर हात टेकून झोपलेला. संडासापर्यंत जायला वाटेत झोपलेल्या सात जणांना ओलांडावं लागलं, मोजले होते. सकाळी नाक शिंकरलं तर रुमाल काळा. गुडघेदुखीवाल्या बाईंना हे करायला लावणार? थ्री एसीचं भाडं स्लीपरच्या साधारण अडीचपट असतं, मान्य. पण काकूंच्या गुडघ्यांची काही किंमत धराल की नाही?

मिरजवाली
अप्परबर्थ, तुम्ही मे महिन्यातलं सांगताय. लग्नसराई, शाळांच्या सुट्ट्या, गावी जाणारे लोंढे, सगळं एकदम. नोव्हेंबरात दिवाळी-छटची परतीची गर्दी ओसरली की स्लीपर बरा असतो. ऊनही नाही आणि धुकंही नाही. मात्र डिसेंबरच्या उत्तरार्धात अजिबात जाऊ नका कंदीपेढा. दिल्लीपासून वर धुक्यात गाड्या सहा-आठ तास रखडतात, काही तर रद्दच होतात.

आणि नोव्हेंबर असला तरी शाल, कानटोपी, पायमोजे हवेतच. स्लीपरला पांघरूण मिळत नाही. पंजाबातली पहाट बंद खिडकीच्या फटीतूनही चावते.

बबडू
वाचतेय. आमचंही असंच ठरवायचंय.

काळाकोट
३१ वर्षं तिकीट तपासनीस होतो, आता पेन्शनर. खालच्या बर्थबद्दल नीट लिहितो, कारण नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. (नव्वद टक्के हा माझा अंदाज, कुठे छापू नका.)

खालच्या बर्थसाठी वेगळा कोटा आहे. पुरुष ६० आणि बायका ४५ वर्षांपासून पुढे. स्लीपरच्या डब्यात असे सहा-सात बर्थ राखून ठेवलेले असतात, थ्री एसीत चार-पाच. पण अट अशी, की तिकिटावर एकटा प्रवासी हवा किंवा दोघं असतील तर दोघंही त्या वयात बसायला हवेत. आईबरोबर मुलगा, सून, नातू असं चौघांचं एक तिकीट काढलंत की कोटा गेला. मग लोक माझ्यासमोर उभे राहून म्हणायचे, "साहेब, म्हातारीला वर टाकलंय, रेल्वेला माणुसकी आहे का?" माणुसकी होती हो, तुम्ही फॉर्म चुकीचा भरलात.

तुमचं वय ४४, म्हणजे तुम्ही वर्षभराने हुकलात. आईचं तिकीट वेगळं काढा, त्या कोट्यातून. तुमचं सर्वसाधारणमधून. आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, सकाळी आठला. पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून कमी केले. आठ वाजता हजर राहा, सव्वाआठला नाही.

बर्थचा नंबर बघून जागा ओळखायची तर आठने भागा. बाकी १ किंवा ४ उरली की खालचा, २ आणि ५ मधला, ३ आणि ६ वरचा. ७ म्हणजे साइड लोअर. बाकी शून्य म्हणजे साइड अप्पर, तिथे फक्त तरुणांनी जावं. स्लीपर आणि थ्री एसी दोन्हींना हेच गणित. टू एसीला सहाने भागायचं.

कंदीपेढा
काळाकोट काका, हे सोनं आहे! मी चाळिशी ओलांडल्याचं दुःख करायचे, आता पंचेचाळिशी लांब असल्याचं करतेय.

पेठकर
दोन वेगळी तिकिटं काढल्यावर आई एस-२ मध्ये आणि लेक एस-९ मध्ये आली तर? तज्ज्ञांनी याचंही उत्तर द्यावं. फुकट सल्ल्याला जबाबदारी नसते, हे माहीत आहे.

काळाकोट
@पेठकर, येऊ शकतं. म्हणून दोन्ही तिकिटं एकाच वेळी काढायची, दोघींनी दोन फोन घेऊन. तरी वेगळे डबे आले तर गाडीत बदलून घ्यायचं. वरचा बर्थ देऊन दुसऱ्या डब्यातला वरचा बर्थ मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. वरचा देऊन खालचा मागणं, हा खरा भांडणाचा विषय आहे.

साइडलोअर
आता तो विषय काढलाच आहे तर बोलतेच.

मी आठ-आठ आठवडे आधी ठरवून खालचा बर्थ मिळवते. कंबरेचं ऑपरेशन झालंय, ते कपाळावर लिहिलेलं नसतं. गाडीत चढलं की पाच मिनिटांत कोणीतरी येतं, "ताई, आमच्या आईला खाली झोपू द्या ना, तुम्ही तर तरुण आहात." नाही म्हटलं की डबाभर मी निर्दयी. एकदा तर त्या आईंचा चिरंजीव स्वतः खालच्या बर्थवर पसरून मला संस्कार शिकवत होता!

मिरजवाली
@साइडलोअर, त्या चिरंजीवांना काय उत्तर दिलंत?

साइडलोअर
काही नाही. कानात बोळे घातले आणि झोपले. आई वर जाऊन निवांत घोरत होत्या. त्यांना काहीच अडचण नव्हती.

खिडकीतला
हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

अण्णा_कोल्हापुरी
मधल्या बर्थचं पण सांगा की कुणीतरी. आमचा एक पाव्हणा संध्याकाळी साडेसातलाच मधला बर्थ वर करून आडवा झाला. खालचे दोघं मान वाकडी करून दहापर्यंत बसले. लई शांत माणसं!

काळाकोट
रात्री १० ते सकाळी ६ झोपायची वेळ. एरवी मधला बर्थ खाली आणि सगळ्यांनी बसायचं. तुमच्या पाव्हण्याला उठवायचा अधिकार त्या दोघांना होता. आणि ऐकत नसेल तर १३९ ला फोन करायचा. पूर्वी सुरक्षेचा नंबर वेगळा होता, आता सगळ्या तक्रारी त्या एकाच नंबरवर.

अण्णा_कोल्हापुरी
पाव्हण्याविरुद्ध १३९? मग बायको घरात घेईल व्हय?

माजी_हवालदार
ताई, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. झेलमने मी किती वेळा गेलो, याचा हिशोब नाही. पुणे स्टेशनला एमसीओच्या, म्हणजे जवानांच्या प्रवासाचं बघणाऱ्या फौजी ऑफिसच्या खिडकीवर वॉरंट (प्रवासाचा सरकारी कागद) दाखवायचं, तिकीट करून घ्यायचं. एक काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव, एक होल्डॉल, म्हणजे अंथरुणाची वळकटी. गाडी दुपारी उशिरा सुटायची, त्यामुळे दुपारभर फलाटावर ट्रंकेवरच घरचे बसलेले असायचे. कुणी फार बोलायचं नाही. बायका डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करायच्या.

गाडी हलली की पहिला अर्धा तास अख्खा डबा गप्प. उरुळी गेली की कोणीतरी पत्ते काढायचं. नगरला जेवण. लाडू निम्मे मनमाडपर्यंत संपायचे, निम्मे युनिटमधल्या पोरांसाठी राखायचे.

आईंना स्लीपरनेच न्या. खिडकीतून हात बाहेर काढून निरोप घेता येतो, ते एसीत नाही. आमचं सगळं त्या खिडकीतच झालं.

कंदीपेढा
हवालदार साहेब, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "डब्याचं झाकण, अगदी खरं." आणि मग बराच वेळ कोथिंबीर निवडत बसली. धन्यवाद.

इतिहासाचा_किडा
होल्डॉलवरून आठवलं, थोडं अवांतर. आज आपण स्लीपरच्या गादीला नावं ठेवतो, पण दुसऱ्या वर्गाला पूर्वी नुसती लाकडी फळी असायची. तिच्यावर दोन इंचांचा फोम आला तो प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, म्हणजे १९७७ ते ७९ च्या काळात. कोकणातला राजापूर मतदारसंघ त्यांचा. वर्गभेद नसलेली पहिली लांब पल्ल्याची गाडी, मुंबई-हावडा गीतांजली, हीदेखील त्यांचीच, २६ डिसेंबर १९७७. कोकण रेल्वेसाठी आयुष्यभर भांडले. माझ्या मते, देशातल्या सगळ्यात जास्त पाठींवर उपकार करणारा मंत्री तोच.

पेठकर
उपकार मान्य. पण ते दोन इंच आता दाबून दाबून किती उरलेत, यावर वेगळा धागा काढावा.

गोंदियाकर
आमच्याकडून पुण्या-कोल्हापूरला महाराष्ट्र एक्सप्रेस. गोंदिया ते कोल्हापूर तेराशे किलोमीटरच्या वर, आणि राज्य काही संपत नाही. एक पूर्ण दिवस-रात्र जाऊन परत दिवस निघते, तरी बाहेर मराठीच पाट्या! तुम्ही पश्चिमेकडचे लोक जम्मूले लांब म्हणता, आम्हाले कोल्हापूरच लांब आहे न बाप्पा.

मुद्द्याचं सांगतो. जाताना स्लीपर, येताना थ्री एसी. जाताना मन ताजं असते, आंग ताजं असते, पाहायची हौस असते. येताना थकलेला माणूस फक्त झोपते. दोन्ही भावंडं खूश.

मिरजवाली
गोंदियाकरांना शंभर टक्के अनुमोदन. धाग्याचा निकाल लागला म्हणायचा.

अप्परबर्थ
एवढ्यात नाही. एसीत निदान चादरी तरी धुतलेल्या मिळतात.

खिडकीतला
चादरी दर खेपेला धुतात. ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतो, असं रेल्वेमंत्र्यांनीच २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलंय. गोड झोप लागो.

अप्परबर्थ
हे वाचायची गरज नव्हती.

सुगरणबाई
खाण्याकडे कोणी वळतच नाहीये म्हणून मीच येते.

दोन दिवसांसाठी दशम्या. दुधात कणीक भिजवायची, पाण्याचा थेंब नको, दोन दिवस लुसलुशीत राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची वेगळी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. पहिल्या रात्रीपुरती बटाट्याची परतलेली भाजी, कांदा न घालता. दुसऱ्या दिवशी भाजीच्या फंदात पडू नका. दही-भात तर नकोच, डबा उघडला की शेजारच्या डब्यातले लोक येतील, भांडायला. मेतकुटाची पुडी न्या. विकतचा गरम भात घेतलात तर त्यावर मेतकूट-तूप, आईंचं पोट शांत राहील. काकड्या न सोलता न्या, सुरी मात्र आठवणीने.

अण्णा_कोल्हापुरी
एवढं घरचं खायचं तर गाडीत बसायचं कशाला? भुसावळची केळी, सकाळी इटारसीला चहा, संध्याकाळी आग्र्याचा पेठा. स्टेशनावर उतरून, गाडी सुटेल का सुटेल का करत खाल्लेल्या भज्याची चव घरात येत नाही.

सुगरणबाई
भुसावळ रात्री दोनच्या सुमाराला येतं हो अण्णा. ७१ वर्षांच्या बाईला केळं खायला उठवू का?

काळाकोट
आणि भज्यांपायी फलाटावर उतरू नका. दोन मिनिटांचा थांबा दोनच मिनिटांचा असतो. भजी हातात, गाडी पुढे आणि सामान गाडीत, असे मी वर्षाला दहा-बारा तरी पाहायचो. मग बाकीचे साखळी ओढायचे. विनाकारण साखळी ओढली तर १००० रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. भजी महागात पडतात.

गाडीतलं घ्यायचं तर भाव माहीत असू द्या. टी-बॅगचा चहा १० रुपये, शाकाहारी थाळी ८०, रेल नीरची लिटरची बाटली १४. पूर्वी १५ होती, सप्टेंबर २०२५ मध्ये रुपयाने उतरली. वर मागितले तर बिल मागा. बिल म्हटलं की भाव आपोआप खाली येतो.

बबडू
संडासाचं कोणी लिहीत नाही. मला तीच मुख्य चिंता आहे.

मिरजवाली
@बबडू, पहाटे साडेपाचच्या आत. त्यानंतर तिथे रांग, आणि रांगेनंतर तिथे जे असतं ते. गुडघे दुखतात त्यांच्यासाठी कमोडचा कुठल्या टोकाला आहे ते चढल्या चढल्याच बघून ठेवायचं. साबणाचे कागद, जुनं वर्तमानपत्र, छोटा मग. पाणी संपलं तर १३९, पुढच्या मोठ्या स्टेशनात भरतात.

खिडकीतला
आता माझी पाळी. आई खिडकीसाठी जातायत ना? मग काय दिसेल ते सांगतो, वेळा गाडीच्या मूडप्रमाणे.

पहिल्या रात्री काही नाही, मनमाड-भुसावळ अंधारात. सकाळी सातच्या आसपास इटारसी. तिथून जागं राहायचंच, कारण लगेच नर्मदा. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, लोक हात जोडतात, नाणी टाकतात. नंतर बुधनीचा घाट, सागाचं जंगल. भोपाळ गेलं की विदिशाच्या अलीकडे टेकडीवर सांचीचा स्तूप दिसतो, गाडीतून, अगदी स्पष्ट. मात्र क्षणभरच. त्याच सुमाराला कर्कवृत्त ओलांडता, पण ते दिसत नाही, आईंना नुसतं सांगा. दुपारी झाशी. ग्वाल्हेरला डोंगरावर लांबलचक किल्ला. आणि मुरैना ते धौलपूरच्या मध्ये चंबळ. नदीच्या दोन्ही अंगांना मातीचे सुळके आणि घळी, मैलोगणती. लहानपणी दरोडेखोरांच्या गोष्टी ऐकल्या असतील तर तिथे काचेतून बघून भागत नाही, मान बाहेर नाही पण नजर तरी वाऱ्यातून जायला हवी. दिल्ली रात्री. पंजाब झोपेत. पठाणकोटला सकाळी हवा स्वच्छ असली तर धौलाधारची डोंगररांग, बर्फासकट. मग रावी, आणि जम्मू.

एसीच्या काचेला बाहेरून सहा महिन्यांची धूळ आणि आतून केसांच्या तेलाचे डाग. त्यातून सांची आणि चंबळ सारखेच दिसतात.

अप्परबर्थ
ठीक आहे, ठीक आहे. हा प्रतिसाद चांगला आहे. एसीतही दारात उभं राहून बघता येतं.

काळाकोट
दारात उभं राहू नका. पायरीवर बसणं गुन्हा आहे आणि खांब कोणाची ओळख ठेवत नाही. एवढंच.

अण्णा_कोल्हापुरी
खिडकीतले, एक विसरलात. दौंड! तिथं इंजिन पुढचं काढून मागं लावायचे आणि गाडी उलटी निघायची. नवा माणूस असला की घाबरून उठायचा, "ओ, ही परत पुण्याला चालली की!" आम्ही पण मुद्दाम म्हणायचो, "होय, कायतरी घोटाळा झालाय, रद्द केली वाटतं."

कंदीपेढा
अण्णा! हे बाबांच्या पत्रात आहे. आईकडे पत्रांची पिशवी आहे, त्यातल्या एकात लिहिलंय, "दौंडला इंजिन फिरवतात, मग थोडा वेळ गाडी घराकडे चालल्यासारखी वाटते. तेवढा वेळ बरे असते." मला ते काय प्रकरण आहे ते आज कळलं.

माजी_हवालदार
बरोबर लिहिलंय त्यांनी.

इतिहासाचा_किडा
आणखी एक गंमत. झेलम एक्सप्रेस झेलम नदीपर्यंत जातच नाही. ती थांबते जम्मू तवीला, आणि तवी ही वेगळी नदी. झेलम वाहते श्रीनगरातून. पण जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे सुरू झालीय, चिनाबवरच्या त्या ३५९ मीटर उंच पुलावरून. म्हणजे आता पुण्याहून रेल्वेनेच झेलम नदीच्या काठी पोहोचता येतं, गाड्या बदलत. एवढ्या लांब जाताय तर नदी बघूनच या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला चिनारही लाल झालेले असतात.

कंदीपेढा
हे डोक्यातच आलं नव्हतं. बाबांची दोन वर्षं श्रीनगरला गेली होती. आईला विचारते.

कंदीपेढा
विचारलं. "मग जम्मूत उतरून काय करायचं होतं?" असं म्हणाली. म्हणजे तिचं आधीपासूनच ठरलेलं होतं बहुतेक.

तिकिटं झाली! सकाळी पावणेआठपासून दोन फोन घेऊन बसलो, एकावर मी, एकावर भाची. आई एस-५, ३३. मी एस-५, ३८. काळाकोट काका, आठने भागलं, आई खाली, मी वर, एकाच कप्प्यात. येताना थ्री एसी. भाऊ अजून पूर्ण खूश नाही, पण त्याने पॉवरबँक आणून दिली, म्हणजे विरोध मावळतोय.

सुगरणबाई
दशम्यांचं प्रमाण हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पेठकर
सगळ्यांनी एकमताने सल्ला दिला आणि तो मानलाही गेला, हे या संस्थळावर प्रथमच घडत असावे. तपशीलवार वृत्तांत आल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही.

बबडू
धागा वर काढतेय. नोव्हेंबर संपत आला. कंदीपेढा, जाऊन आलात का?

कंदीपेढा
आलो, आलो. झोप पुरी करत होते, म्हणून उशीर.

आधी अप्परबर्थना न्याय देते. धूळ आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या पांढऱ्या केसांचा रंग चहासारखा झाला होता. दिल्लीच्या पुढे थंडी अशी, की शाल, स्वेटर, कानटोपी, शिवाय माझी ओढणी. संडासाला पहाटे पाचला, मिरजवाली म्हणाल्या तसं. चार्जिंगचं सॉकेट सैल, पॉवरबँकेने वाचवलं. गर्दी ग्वाल्हेरपासून दिल्लीपर्यंत होती. आमच्या बर्थवर तीन विद्यार्थी येऊन बसले. आईने त्यांना हुसकावण्याऐवजी दशम्या दिल्या, मग ते आग्र्यापर्यंत हलेचनात.

पण ती झोपलीच नाही हो. पहिल्या रात्री मी दर तासाने वरून वाकून बघायचे, ही शटर वीतभर उघडं ठेवून बसलेली. भुसावळला दोन वाजता केळी घेतली. सुगरणबाई, उठवायची गरजच पडली नाही. नर्मदेला तिने दोन नाणी टाकली. दुसरं कोणाचं ते सांगितलं नाही. सांची माझी हुकली, मी चहावाल्याला पैसे देत होते. तिने पाहिली. चंबळ मात्र दोघींनी बघितली, खिडकीच्या गजांना नाक लावून, आणि मी खरंच सांगते, मला काहीतरी मोठं बघितल्यासारखं वाटलं, जे विमानातून कधीच वाटलं नाही.

झाशीला एक जवान चढला, रजा संपवून परत चाललेला. आई त्याच्याशी तिच्या हिंदीत बोलत होती, "तुम्हारा डिब्बा किसने भरके दिया?" तो म्हणाला, आईने. मग उरलेला लाडवांचा डबा त्याच्याकडे गेला. युनिटमधल्या पोरांसाठी, असं तिने त्याला बजावलं. हवालदार साहेब, हे तुमच्यामुळे.

श्रीनगरच्या गाडीवर ती नाराज आहे. पूल बघून हात जोडले, पण "एवढा पूल बांधला आणि खिडकी बंद?" झेलमच्या काठावर मात्र तासभर बसलो होतो. फार काही बोलली नाही. पाण्यात हात घालून म्हणाली, गार आहे.

एक राहिलंच. जाताना पुणे सुटल्यावर ती पत्रातलं ते दौंड धरून बसली होती. पर्स मांडीवर, पाय खाली, अगदी तयारीत. गाडी कुठेतरी थोडी थांबली, निघाली, नगर आलं. तेव्हा मला विचारते, "दौंड गेलं?" म्हटलं, गेलं. "मग उलटी कशी नाही झाली?"

काळाकोट
कॉर्डलाइन. आता बऱ्याच गाड्या दौंड स्टेशनात न शिरता बाहेरूनच वळतात. इंजिन फिरवायला लागत नाही.

कंदीपेढा
हो काका, तिथल्याच एका फेरीवाल्याने सांगितलं. तिलाही समजावलं. "तेवढाच वेळ वाचला असेल," म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

माजी_हवालदार
🙏

अप्परबर्थ
परतीच्या थ्री एसीबद्दल एक ओळ नाही. हा अन्याय आहे. आईंना झोप लागली की नाही तेवढं सांगा.

कंदीपेढा
अंबाला ते भोपाळ, सलग. ब्लँकेटसकट.